डावा काठ

वैशाख पौर्णिमेच्या सकाळी मी खिरीचा डबा घेऊन दुर्गाकाकूकडे गेले. दोन हजार वीस साल होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तिचं दार उघडं होतं आणि आत माग चालत होता.

मी उंबऱ्यावरच थांबले. शिवरात्रीपासून तो माग बंद होता.

नंदलालकाका खाटेवर होते, रोजच्यासारखे भिंतीकडे तोंड करून. म्हणजे मागावर दुसरंच कोणीतरी होतं. मी वाकून पाहिलं. खड्ड्यात दुर्गाकाकू बसली होती.

तिच्या कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू होतं. दोन्ही मनगटांवर, बांगड्यांवरून, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. मला पाहून तिने हात थांबवला नाही.

"डबा ठेव तिकडं," ती म्हणाली. "अन् तोंड बंद कर, माशी जाईन."

माझं तोंड का उघडं राहिलं, ते आधी सांगायला हवं.

पवनीतल्या त्या गल्लीत एकेकाळी घरोघरी हातमाग होते. माझ्या शाळेच्या दिवसांत बोटांवर मोजण्याएवढे उरले. माग बसवतात जमिनीत खोदलेल्या खड्ड्यावर. विणणारा खड्ड्याच्या कडेला बसतो, पाय आत सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. बाकीची सगळी कामं घरातल्या बायका करतात. धागा उकलायचा, धाग्याच्या कांड्या भरायच्या, नवा ताणा, म्हणजे उभे धागे, जुन्या धाग्यांना एकेक करून सांधायचा. पण खड्ड्यात बाईने उतरायचं नाही. त्या गल्लीत बाई खड्ड्यात उतरायची ती नवरा गेल्यावर. पोट भरायला दुसरं काही नसायचं म्हणून.

दुर्गाकाकूची सासू गोदावरीबाई. ती जाऊनही बरीच वर्षं झाली. पण तिचं वाक्य घरात राहिलं होतं. बाई खड्ड्यात उतरली का घरचा माणूस उठते. उठते म्हणजे जातो. कायमचा.

आणि काका तर खाटेवर होते. हात लांब केला असता तर लागले असते, इतक्या जवळ.

*

माझं घर मागच्या गल्लीत. आमचं घर बौद्धांचं, त्यांचं कोष्ट्यांचं. पण लहानपणी माग पाहायला म्हणून मी एकदा तिथे गेले आणि मग जातच राहिले. काकूला वाचता येत नाही. गोष्टींची मात्र फार हौस. ती कांड्या भरायची आणि मी ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक मोठ्याने वाचायची. मध्येच मला थांबवून ती गोष्टीतल्या माणसांना सल्ले द्यायची. एखादी नायिका फार रडायला लागली की म्हणायची, "हिले म्हणा आधी चूल पेटव, मंग रड." पुढे मी नागपूरला मराठीत एम.ए. केलं. तिथे गोष्टींतल्या माणसांवर पानंपानं भरून लिहिताना मला काकूचं ते एक वाक्य आठवायचं आणि पानं जड वाटायची.

काका कमी बोलायचे. ते करवती काठाची कोशाची साडी विणायचे. कोशाचा धागा, म्हणजे कोसा रेशीम, मधाच्या रंगाचा, त्याला लाल काठ, आणि काठ जिथे साडीच्या अंगाला भेटतो तिथे करवतीसारखे दात. ते दात नंतर काढलेले नसतात. विणतानाच काठाचा लाल धागा आणि अंगाचा पिवळा धागा प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवायचा, कधी बोटभर आत, कधी बोटभर बाहेर. तीन धोटे लागतात, आडवा धागा इकडून तिकडे नेणारे. एका माणसाचं काम नाही ते. विणणारा खड्ड्यात बसून उजवा काठ सांभाळतो. त्याच्या डाव्या अंगाला, जमिनीवर, दुसरं माणूस बसतं. आलेला धोटा धरायचा, डाव्या काठाचा धागा त्याच्या धाग्यात अडकवायचा, धोटा परत पाठवायचा.

त्या घरात डावा काठ दुर्गाकाकूचा होता. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. सासूने तिला तिथे बसवलं आणि नवऱ्याने शिकवलं. शिकवताना ते चिडायचे, असं ती सांगायची. साडी बाजारात जायची ती मात्र नंदलालची साडी म्हणून. डाव्या काठाबद्दल कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तिची एक सवय होती. बांगड्यांना कोशाचा धागा अडकतो, म्हणून बसताना ती बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची. तिथे त्या घट्ट बसायच्या. काम संपलं की खाली घ्यायची. रोज संध्याकाळी त्या खाली येताना किणकिण व्हायची आणि काका खड्ड्यातून उठायचे. मागाला हात लावून नमस्कार करायचे. मग चहा.

*

शिवरात्रीच्या यात्रेहून आले त्या दिवशी काका दारातच पडले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं की रोज हलवत राहा, बसवत राहा, माणूस हळूहळू परत येतो. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची ठरली होती. ती दोनदा आली. मग सगळं बंद झालं. गाड्या बंद, बाजार बंद. त्यांचा मुलगा चंदन नागपूरला एका कंपनीत होता. कंपनी बंद झाली आणि तो तिकडेच अडकला. माझंही नागपूरचं वसतिगृह रिकामं केलं. शेवटच्या बसने मी पवनीला आले.

काकांनी तोंड भिंतीकडे केलं ते तेव्हापासून. काकू भरवायची तेवढ्यापुरते ते वळायचे. मागाकडे पाहायचे नाहीत. मागावर अर्धी साडी होती. काकूने तिच्यावर जुनी चादर टाकली होती. धूळ बसू नये, उंदरांनी तोंड घालू नये, म्हणून रोज चादर उचलून पाहायची आणि परत टाकायची. मेलेल्या माणसावर टाकतात तशी ती चादर दिसायची.  तिलाही तसंच दिसत असणार.

एप्रिलच्या शेवटी भैय्यालाल शेठ आले. ते कोसा देणारे आणि साडी घेणारे. पवनीतच राहतात. तोंडाला रुमाल बांधून, अंगणातूनच बोलले. वाईट माणूस नाही. पण त्यांचाही धागा घराघरांत अडकला होता आणि पुढे काय होणार, कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं की लॉकडाऊन सैल झाला की येतो, विणलेलं तेवढं कापून घेतो आणि उरलेला ताणा घेऊन जातो. नंदलालच्यानं आता होत नाही, हेही म्हणाले. काका ऐकत होते.

काकूने थोडे दिवस मागितले.

"विणणार कोण?" शेठ म्हणाले.

 कोसा खराब झाला तर या घरात पुन्हा धागा येणार नाही, असं सांगून ते गेले.

अर्धी कापलेली साडी म्हणजे काहीच नाही. ती नेसता येत नाही आणि तिचं दुसरं काही शिवतही नाहीत. त्या घरातली शेवटची साडी अशी निघणार होती.  काकू भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "हे कापलं का हे माणूस उठत नाही आता. मले समजते."

इथे तिने उठणे हा शब्द दुसऱ्या अर्थाने घेतला होता. खाटेवरून उठणे.

दुसऱ्या दिवशी भरवून झाल्यावर तिने काकांना विचारलं. मी तिथेच होते, चहाचे कप धूत होते. तिने खाटेजवळ बसून, साध्या आवाजात, भाजी कोणती करू विचारावं तसं विचारलं. मी उतरू का खड्ड्यात?

काकांनी डोळे मिटले. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि उशीवर गेलं.

ते नाही होतं की हो, हे मला आजही सांगता येत नाही. तिने ते नाही म्हणून घेतलं. कप पुसायला माझ्या शेजारी येऊन बसली आणि तो विषय बंद केला.

*

त्या गल्लीत तेव्हा खड्ड्यात बसणारी एकच बाई होती. रत्नाबाई. तिचा नवरा मुलं लहान असतानाच गेला. तेराव्यानंतर ती खड्ड्यात उतरली. आता साठीची आहे, अजून साधं सुती विणते. कमी बोलते आणि बोलते ते तिखट.

काकूने तिला सहज विचारावं तसं विचारलं की पहिल्या दिवशी भीती वाटली होती का. रत्नाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मले कायची भेव? भ्याचं होतं ते होऊन गेलं होतं." मग एक खडा फेकून म्हणाली, "तुले कोण अडवून राहिलं? सासू तर मेली."

काकू म्हणाली की यांनी काही सांगितलं नाही, फक्त रडले.

"दुर्गे," रत्नाबाई म्हणाली, "मी उतरली तवा मले विचाराले माणूस नव्हता. तुले रडाले तरी आहे. हे का कमी आहे?"

काकू घरी आली. मीही मागून आले. तिने काही ठरवलंय असं मला वाटलं नाही. चूल पेटवली, भात टाकला. मग खाटेजवळ गेली. या वेळी विचारलं नाही, सांगितलं.

"भेव मलेही लागते," ती काकांच्या पाठीला म्हणाली. "तुमाले काही झालं त लोकं म्हणतीन का हिनंच केलं. जनमभर म्हणतीन. पण तुमी असे भिंतीकडं तोंड करून जासान, अन् मी बाजूले बसून पाहीन, हे मले जमत नाही. उद्या पुनव आहे. मी उद्या उतरतो."



सकाळी ती रत्नाबाईकडे गेली. खड्ड्यात बसून, धागा घट्ट बसवायला फणी ठोकायची तर हात सारखा पुढे-मागे होतो. कोपरावर सारलेल्या बांगड्या तिथे राहत नाहीत, खाली येतात आणि धागा ओढतात. विणणाऱ्या विधवेला हा प्रश्न नसतो. तिच्या हातात बांगड्याच नसतात. काकूला बांगड्या काढायच्या नव्हत्या. त्या सकाळी तर अजिबात नाही. रत्नाबाईने तिच्या मोकळ्या हातांनी काकूच्या बांगड्यांवर लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून दिल्या. दोघी काय बोलल्या, माहीत नाही. 

मग मी खीर घेऊन आले. आदल्या दिवशी ऐकलं होतं, तरी ती खरंच उतरेल असं मला वाटलं नव्हतं.

*

पहिल्या दिवशी बोटभर कापड झालं. एकटीने तीन धोटे सांभाळायचे. उजव्या काठाला अडकव, वाकून डाव्या काठाला अडकव, परत ये. मे महिन्याच्या उन्हात कोसा वाळतो आणि तुटतो. ती कांड्या ओल्या फडक्यात ठेवायची आणि दारावर ओला बारदाना टांगायची. तरी धागा तुटायचा. गाठ मारायची, पुढे जायची. मी म्हटलं, डाव्या बाजूला मी बसते, सांगाल तसं करते.

"नाही," ती म्हणाली. "ते जागा रिकामी राहू दे."

नळावर बायका बोलू लागल्या. नवरा जिवंत असताना हिने त्याला मारून ठेवला, असं कोणी म्हणालं. मोठं कुंकू लावून कोणाला दाखवते, असंही. माझ्या आईने, लीलाबाईने, त्यांना एकदा उलट विचारलं की खाटेवरच्या माणसाला तुमच्यापैकी कोण भरवायला येणार आहे. त्यानंतर आईसमोर बोलणं थांबलं. मागे चालू राहिलं.

ते चंदनपर्यंत गेलं. त्याचा फोन आला तेव्हा काकूचे हात ओले होते, म्हणून फोन मी धरला होता, आवाज मोठा करून. तो आधी समजावत होता. कापू दे शेठला, मी पाठवतो काहीतरी, हे धंदे बंद कर. मग चिडला.

"आई, बाबा गेल्यावर बसशील ना," तो म्हणाला.

म्हणून गेला आणि थांबला.  फोनमधून नागपूरच्या त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. काका खाटेवर होते. ऐकायला काही कमी नव्हतं त्यांना.

काकूने पदराने हात पुसले. "जेवला का तू?" तिने विचारलं. तो म्हणाला, जेवलो. फोन ठेवला.

त्या दुपारी ती विणायला बसली नाही. खड्ड्याच्या कडेला पाय सोडून नुसती बसून राहिली. मला वाटलं, आता ती वर येईल आणि चादर टाकेल. मी तिला तसं म्हणणारही होते. तिच्या जागी मी असते तर वर आले असते.

उन्हं उतरल्यावर तिने धोटा उचलला.

*

चूक काकांना आधी कळली. दिसली नाही, ऐकू आली.

एवढी वर्षं डाव्या काठावर बसल्यामुळे काकूच्या बोटांना एकच वळण माहीत होतं. लाल धागा पिवळ्याच्या खालून घ्यायचा आणि आपल्याकडे ओढायचा. खड्ड्यात बसल्यावर उजवा काठही तिच्याकडे आला. तिथे सगळं उलटं. पण बोटं डावीच राहिली. तिने उजवा काठही डाव्यासारखाच अडकवला. डावीकडचे दात टोकदार उभे राहिले. उजवीकडचे आडवे पडले, जिभा बाहेर काढल्यासारखे. वीतभर कापड तसं झालं. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता. मी उजवा काठ सुंदर म्हणून मान डोलावली होती.

काकू उजवीकडे अडकवताना हात तिरपा नेत होती, म्हणून तिथे एक फेरी अर्ध्या श्वासाएवढी लांबत होती. मला ते आता कळतं. खट, आणि मग जरा रेंगाळणं, आणि मग खट. काकांनी जन्मभर तो आवाज ऐकला होता. चुकीचा माग किती वेळ ऐकणार?

ठक ठक ठक.

आम्ही दोघी दचकलो. काका डाव्या हाताने खाटेच्या लाकडी माच्यावर ठोकत होते. आणि ते वळले होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून तोंड आमच्याकडे केलं होतं. उजवीकडचा ओठ खाली ओढलेला, डोळे मात्र रागावलेले. त्यांनी बोट उजव्या काठाकडे केलं. मग हवेत तेच बोट उलटं फिरवून दाखवलं. वरून. खालून नाही, वरून.

काकूने काठाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता दाखवता?" ती म्हणाली. "वीतभर झाल्यावर?"

 त्यांचा राग तिला ओळखीचा होता. शिकवताना चिडायचे, तोच.

उकलायचं की नाही, हा प्रश्न होता. कोसा उकलला की त्याची लव निघते, धागा दुबळा होतो. उकलताना ताणा तुटला तर सगळंच गेलं. नाही उकललं तर शेठ पाहणार. काकूने काकांकडे पाहिलं. त्यांनी हात आडवा हलवला. नको.

"राहू द्या मंग," काकू म्हणाली. "हा काठ वर येते, कमरेत खोचते बाई. तिच्या नवऱ्याशिवाय कोणाले दिसते?"

काकांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. मी पाण्याकडे धावले. काकू म्हणाली, थांब. ते हसत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडे वळले नाहीत. खाटेवरून पाहत राहायचे आणि चूक झाली की ठोकायचे. काही वेळा चूक नसतानाही ठोकायचे. काकू म्हणायची, सासूचा आत्मा खाटेत शिरला.

मग एका सकाळी त्यांनी माचा ठोकला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. डाव्या अंगाला. तिच्या जागेकडे.

काकूला लगेच कळलं. तिने ती जागा रिकामी ठेवली होती, ती याचसाठी का, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण ते सोपं नव्हतं. माणूस अर्धा लुळा. खाली बसवताना तोल गेला तर समोर खड्डा. आणि पडला असता तर गोदावरीबाईचं वाक्य खरं ठरवायला सगळी गल्ली तयार होती. मी म्हटलं, काकू, आधी डॉक्टरांना विचारू. ती म्हणाली, विचार, पण डॉक्टर येणार कधी?

तिने रत्नाबाईला बोलावलं. भिंतीला गादीची वळकटी लावली. आम्ही तिघींनी काकांना खांद्यांखाली धरून उतरवलं. ते जड होते. मध्ये एकदा त्यांचा पाय घसरला आणि रत्नाबाईने त्यांना कमरेला मिठी मारून धरलं. परक्या पुरुषाला अशी मिठी मारायची वेळ तिच्यावर कधी आली नसेल. बसल्यावर आम्ही तिघी घामाने भिजलेल्या आणि काकाही. त्यांचं अंग थरथरत होतं. डावा हात मात्र त्यांनी आधीच पुढे केला होता, धोट्यासाठी.

काकू खड्ड्यात उतरली. धोटा डावीकडे टाकला. काकांनी धरला. लाल धागा अडकवला आणि परत पाठवला.

उलटा. वरून.

काकूने फणी ठोकली नाही. काठाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"इतके वर्षं मले शिकवलं ना जी," ती म्हणाली. "डाव्या काठाले खालून घेते. ध्यानात ठेवा."

रत्नाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही.

*

साडी आषाढात संपली. रोज थोडं, काका थकेपर्यंत. आधी थोडाच वेळ बसायचे, मग जास्त. वळकटीचा टेकू नंतर लागेनासा झाला. एक शब्दही परत आला. "खालून." तो ते स्वतःलाच सांगायचे, बोबडं, प्रत्येक फेरीला.

विणलेली साडी मागावरून घरचा विणकर कापतो. काकूने कात्री काकांच्या डाव्या हातात दिली. ती उजव्या हाताची कात्री होती, नीट चालेना. कापड चावल्यासारखं कापलं गेलं. ताण्याची टोकं त्यांनी मागात तशीच राखली, पुढचा ताणा सांधायला.

शेठ आले. साडी उलगडली आणि उजेडात धरली. बोट काठावरून नेत नेत त्या वीतभर जागेवर येऊन थांबलं. काकू दाराला धरून उभी होती. काका त्यांच्या जागी, जमिनीवर, मागाच्या डाव्या अंगाला. शेठ पुन्हा पुन्हा तिकडे पाहत होते. नंदलालला त्यांनी जन्मभर खड्ड्यात पाहिला होता.

"हे काय?" त्यांनी आडव्या दातांवर बोट ठेवलं.

"ते माही चूक," काकू म्हणाली. "त्याच्या पुढचं पाहा."

शेठनी पाहिलं. पुढचे दात उभे होते, दोन्हीकडचे. त्यांनी साडी घडी करून काखेत घेतली आणि तिचं काय करतो ते सांगितलं नाही. दारापर्यंत गेले. परत वळले. पिशवीतून कोशाच्या लडी काढल्या. त्या कोणाच्या हातात द्याव्या हे त्यांना कळेना. सवयीने काकांसमोर धरल्या.

काकांनी त्या घेतल्या नाहीत. डाव्या हाताने खड्ड्याची कड थोपटली. दोनदा. जिथे ती बसते तिथे.

शेठनी लडी काकूच्या ओंजळीत ठेवल्या.

ऑगस्ट संपताना वैनगंगेला मोठा पूर आला. गल्लीत पाणी शिरलं नाही, पण जमिनीतून पाझरून खड्ड्यात गुडघाभर साचलं. पावड्या तरंगू लागल्या. नळावरच्या बायका म्हणाल्या, पाहा. चंदन तेव्हा घरी आला होता. आईशी तो फोननंतर नीट बोलला नव्हता. त्याने बादली घेतली आणि खड्डा उपसायला लागला. दिवसभर उपसला. मग नदीकडची माती आणून कडा लिंपल्या. खड्डा वाळेपर्यंत तो थांबला आणि मग नागपूरला गेला.

त्यानंतर मी पुष्कळदा त्या घरी गेले. काका अजून आहेत. काठी घेऊन दारापर्यंत चालतात. गल्लीत आता त्या वाक्याबद्दल कोणी बोलत नाही. ते खोटं ठरलं असंही कोणी म्हणत नाही.

एवढ्यात एकदा सकाळी लवकर गेले. माग सुरू व्हायचा होता. काकू काकांसमोर मांडी घालून बसली होती, हात पुढे करून. बांगड्यांवर पट्टी गुंडाळायची होती. आपल्याच उजव्या मनगटावर एका हाताने गाठ मारता येत नाही. आणि काकांचा तर एकच हात चालतो. पट्टीचं एक टोक तिच्या डाव्या हातात होतं, दुसरं त्यांच्या डाव्या हातात. दोघांनी मिळून गाठ घातली. घट्ट बसली नाही, म्हणून तिने सोडली. पुन्हा घातली.

"खालून," काका म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली.